पाठीवरचा हात

मी इंदुरात मिलच्या फाटकावर झडती घ्यायचो. पाळी सुटली की माणसं रांगेनं माझ्यापुढून जायची. ती हात वर करायची, मी खांद्यापासून कंबरेपर्यंत चाचपायचो, डबा उघडून बघायचो आणि म्हणायचो, "चलो." एक गेला की दुसरा. बायकांची रांग पलीकडे असायची, गोणपाटाच्या पडद्याआड. तिथं माझी बायको गिरिजा झडती घ्यायची.

बरीच वर्षं आम्ही दोघं एकाच फाटकावर होतो. मधे पडदा. ती मला दिसायची नाही, पण आवाज यायचा. कुणाला विचारायची, पोरीचा ताप उतरला का. कुणाला म्हणायची, अगं पदर नीट घे, बाहेर वारा आहे. शेवटची बाई गेली की पडदा सारून ती बाहेर यायची आणि आम्ही परदेशीपुऱ्यातल्या खोलीवर पायी जायचो.

श्रावणात ती विषमज्वरानं गेली. मी थोडे दिवस घरी बसलो आणि पुन्हा फाटकावर आलो. पडद्याआड आता यशोधरा नावाची बाई होती. महूची, तिचे वडील फौजेत होते. तिच्यात वाईट काहीच नव्हतं. पण तिचा आवाज आला की मला वाटायचं, हे कोण बोलतंय इथं.

घरात गिरिजा कुठंच नव्हती. चूल, घागर, तिचं लुगडं, सगळं नुसतं पडलेलं असायचं. फाटकावर मात्र पडद्याकडे न बघता काम केलं तर ती पलीकडे आहे असं धरून चालता यायचं. म्हणून मी सुटी घेत नव्हतो. फाटकावरच्या शिपायांचा जमादार म्हणायचा, "नथू, तू मरेगा इधर ही." मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

आमची एक रीत होती, ती आधी सांगतो. ती गिरिजानं पाडली. एकदा एका बाईच्या कंबरेला तिला सुताची गुंडी लागली. बाई थरथर कापत होती. नियम असा की सापडलं की जमादाराला हाक मारायची, मग माणसाची नोकरी गेली. गिरिजानं हाक मारली नाही. तिनं बाईला मिलकडे तोंड करून फिरवलं, पाठीवर तळहात ठेवला आणि हलकेच आत ढकललं. बाई आत गेली, सूत जागेवर ठेवून परत आली, तेव्हा गिरिजा म्हणाली, "जा घरी." बस, एवढंच. मिलचं सूत मिलमध्ये राहिलं आणि बाईची नोकरी बाईकडे राहिली. त्याच संध्याकाळी रस्त्यानं जाताना तिनं मला हे सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या रांगेतल्या एकाच्या डब्यात रंगाची पुडी निघाली. मीही तेच केलं.

पुढं सगळ्यांना कळलं. पाठीवर हात पडला की माणूस मुकाट्यानं आत जायचा. तोच माणूस पुन्हा सापडला तर मात्र आम्ही जमादाराला हाक मारायचो. हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आता मंडळीकडे येतो. इंदुरात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानच. दवाखान्यातले काही, शाळेतले काही, एक शिंपी, काही मिलवाले. नवा प्रांत होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, राजधानी भोपाळला गेली म्हणून लोक अजून कुरकुरत होते, त्याच सुमाराला आमच्याकडे नवे पाळक आले. नाव श्रीकृष्ण आढाव. नगरकडचे, तरुण, स्वच्छ मराठी बोलणारे. आमच्या गल्लीतला दूधवाला मला म्हणाला होता, "क्या भिया, पादरी भी हमारे भगवान के नाम का ले आए!"

दरवर्षी पावसाळा संपला की हंगामाची उपासना असते. लोक वेदीपुढं धान्य, भोपळे, ऊस, अंडी ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो. पैसे मंडळीला जातात. गिरिजा दरवर्षी कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे जाऊन भोपळा घ्यायची. भाजीवालीशी अशी घासाघीस करायची की मी लांब उभा राहायचो.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी आधीच्या रविवारी विचारलं, "इथं कुणाची शेती आहे? हात वर करा."

दवाखान्यातले कंपाउंडर दौलतराव, वयानं मोठे, त्यांनी हात वर केला. "माझ्या अंगणात कढीपत्ता आहे."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. मग म्हणाले, "म्हणजे भोपळा पिकवतो दुसराच. आपण मंडईतून विकत आणतो आणि देवाला म्हणतो, हा आमचा हंगाम. रविवारी तुम्ही इथं असता. बाकीचे सहा दिवस कुठं असता? मशीनवर, दुकानात, वॉर्डात. ते दिवस देवाला कधी दाखवता? या वर्षी बाजारातलं काही आणू नका. ज्याचं जे काम, त्यातलं आणा."

उपासना सुटल्यावर अंगणात हाच विषय. दौलतराव म्हणाले, "मी काय आणू? एनिमाचं भांडं?"

त्यांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, लगेच टोला दिला, "आणा ना. लिलावात बोली पण तुम्हीच लावा."

जयसिंग शिंपी म्हणाला, "मी शर्ट शिवतो, पण माप कुणाचं घेऊ? देवाचं माप काही माझ्याकडे नाही."

"पाळकांचं घे," दौलतराव म्हणाले. "कापड कमी लागेल."

तेवढ्यात चांगदेव ओरडला, "मी कापड आणतो!"

चांगदेव आमच्या मिलमध्ये साचेवाला. म्हणजे मागावर कापड विणणारा. सगळा दिवस साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेलेले. त्यामुळं तो साधं बोलला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. त्याची बायको मंगला त्याच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "हळू. देव बहिरा नाही."

पण तो खुशीत होता. "पाळकसाहेब, जवानीपासून विणतोय. हजारो वार विणलं असेल. वेदीवर माझं कापड! आणू ना?"

"आणा, आणा," पाळकसाहेब म्हणाले. "तुमच्या हातचं कापड आपण वेदीवर अंथरू."

मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, राजवाड्याजवळ मिलच्या कापडाचं दुकान आहे, तिथून घेईल. मी काही बोललो नाही. त्या दिवसांत मी कुठंच फार बोलत नव्हतो.

मधल्या आठवड्यात पाळकसाहेब माझ्या खोलीवर आले. चूल पेटवलेली नव्हती. मंगला रोज पोळीभाजी पाठवायची, ती झाकून ठेवलेली होती. त्यांना बसायला स्टूल दिलं.

"नथूभाऊ, जेवलात का?"

"जेवीन."

त्यांनी प्रार्थना केली, गिरिजाचं नाव घेतलं. मग म्हणाले, "रविवारी येणार ना? तुमच्या कामातलं काय आणाल?"

"माझ्या कामातून काही निघत नाही, साहेब. काही निघू नये म्हणूनच मला ठेवलंय तिथं."

ते जरा गडबडले. म्हणाले, "तरी पण. प्रत्येक कामात देवाला जागा असते."

"असेल."

"गिरिजाबाईही तेच काम करत होत्या. त्या काय म्हणायच्या त्याबद्दल?"

"काही म्हणायची नाही. पाय दुखतात म्हणायची."

ते जायला उठले. त्यांना वाटलं असेल, हा माणूस दगड झालाय. मला त्यांचा राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मला बोलायचा कंटाळा आला होता.

शनिवारी संध्याकाळी भोंगा झाला आणि रांग लागली. जमादार नेहमीसारखा फाटकाच्या खांबाला टेकून तंबाखू मळत होता. रांगेत चांगदेव होता. नेहमी मान खाली घालून येणारा माणूस, त्या दिवशी लग्नाला निघाल्यासारखा तोंड भरून हसत होता.

त्यानं हात वर केले. मी खांद्यावरून हात खाली आणले आणि कंबरेशी थांबलो. सदऱ्याखाली कापड गुंडाळलेलं होतं. चांगलं जाड, नवं, कडक. कोऱ्या कापडाला खळीचा वास येतो, तो आला.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो डोळे मिचकावत होता.

मी त्याला फिरवलं. पाठीवर हात ठेवला आणि आत ढकललं.

तो हलला नाही. मी पुन्हा ढकललं. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. त्यानं मान वळवली आणि त्याच्या समजुतीनं हळूच म्हणाला, "भिया, वेदीसाठी आहे. उद्या बघ कसं दिसतं!"

त्याचं हळू बोलणं सगळ्या रांगेनं ऐकलं. पडद्याआडच्या बायकांनीही ऐकलं असेल. जमादारानं तंबाखू टाकली आणि आला. त्यानं चांगदेवचा सदरा वर केला आणि कापडाचं टोक धरून ओढलं. चांगदेव गोल फिरला आणि कापड सुटत गेलं. कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

"ये क्या है?"

"देवाचं आहे," चांगदेव म्हणाला. "मतलब, भगवान का है. मैंने बुना है."

"भगवान का गोदाम कब से खुल गया इधर?" जमादार माझ्याकडे वळला. "तेरे हाथ को लगा था कि नहीं?"

"लगा था."

"फिर आवाज क्यों नहीं दी?"

जमादारानं चांगदेवचा बिल्ला काढून घेतला. मला म्हणाला, सोमवारी दोघं लेबर साहेबापुढं उभे राहा.

त्या संध्याकाळी पोळीभाजी आली नाही. मंगला स्वतः आली. दारातच उभी राहिली.

"पाळकांनी सांगितलं, माझ्या नवऱ्यानं ऐकलं, आणि तुम्ही पकडलंत. छान जमलं तिघांचं."

"मी पकडलं नाही, मंगला. मी परत पाठवत होतो."

"मग गेला का नाही तो?"

"त्याला कळलं नाही."

"त्याला कधी काय कळतं?" असं म्हणून ती खाली बसली आणि रडायला लागली. "तीन पोरं आहेत घरात. कुठं जाणार ह्या वयात? बहिऱ्या माणसाला दुसरी मिल घेते का? आणि वर म्हणतो, देव बघून घेईल. मी म्हटलं, देवानं बघितलंच की. जमादारानं पण बघितलं."

मी तिला घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. ते उद्याच्या प्रवचनाची तयारी करत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, साचेवाल्यांना तुकडे मिळत असतील. शिंप्याकडे उरतात तसे."

"मिलमध्ये काही उरत नाही, साहेब," मी म्हटलं. "चिंधीसुद्धा मालकाची. तिचंही गोदाम आहे."

"तुम्ही त्या दिवशी अंगणात होतात. मला का नाही अडवलंत?"

"मला वाटलं, विकत घेईल."

मंगला म्हणाली, "सोमवारी तुम्ही चला. तुम्ही सांगितलं होतं म्हणून साहेबांना सांगा."

"येतो," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. पाळकानं चोरी करायला शिकवलं असं शहरभर झालं असतं, आणि ते त्यांना कळत होतं. तरी येतो म्हणाले.

रविवारी वेदीपुढं विचित्र बाजार भरला होता. जयसिंगनं शिवलेला शर्ट, नर्सबाईंनी गुंडाळलेल्या पट्ट्या, खोकल्याच्या औषधाची बाटली, शाळेतल्या बाईंनी वर्गातल्या पोरांकडून काढवून घेतलेली चित्रं. चांगदेव मागच्या बाकावर रिकाम्या हातानं बसला होता. मी त्याच्या शेजारी. तो माझ्याशी बोलत नव्हता. गाणीसुद्धा त्यानं पहिल्यांदाच खरोखर हळू म्हटली.

पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या रविवारी मी तुम्हाला तुमच्या कामातलं आणा म्हणालो. तुमची कामं कशी चालतात ते मी बघितलेलं नव्हतं. जे आपलं नाही ते मी एका भावाला आणायला लावलं. त्याची नोकरी जाईल अशी वेळ आली आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि माझ्यासाठी." नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

लिलाव झाला. दौलतरावांनीच पुकारला, पण त्यांच्या पुकारण्यात दम नव्हता. खोकल्याची बाटली शेवटी त्यांच्याच बायकोनं घेतली. म्हणाली, "घरचीच आहे, घरीच जाऊ दे."

सोमवारी लेबर साहेबाच्या खोलीत आम्ही चौघं उभे होतो. मी, चांगदेव, पाळकसाहेब आणि जमादार. टेबलावर ते कापड घडी करून ठेवलेलं होतं. साहेब नवा होता, कडक होता, पण ऐकून घ्यायचा.

पाळकसाहेब मोडक्या हिंदीत म्हणाले, "साहब, गलती मेरी है. मैंने कहा था कि ले आओ."

"पादरीजी, आपने कहा तो मिल आपकी हो गई क्या?"

"नहीं. मुझे मालूम नहीं था."

"इसको तो मालूम था. रोज झड़ती देता है." साहेब चांगदेवकडे वळला. "बोल."

"मेरा बुना हुआ है, साहब!" खिडकीची काच वाजली.

"बुना तेरा है. सूत, साचा, कपड़ा मिल का है. और चिल्ला मत." साहेबानं पेन उचललं. "देखिए पादरीजी, पकड़ा जाता है तो हर आदमी कुछ बोलता है. पिछले महीने एक बोला, माँ के कफन के लिए है. माँ जिंदा निकली. ये बोलता है भगवान के लिए. मैं कैसे मानूँ कि बेचने के लिए नहीं था? चोरी का केस है. नौकरी खत्म."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. चांगदेवनं नाही. तो कापडाकडे बघत होता.

मला काय बोलायचं ते सुचलं होतं. ते शनिवारी रात्रीच पडल्या पडल्या सुचलं होतं. पण ते बोललं की फाटक गेलं, हेही तेव्हाच कळलं होतं. फाटकावर माझं काय होतं? एक स्टूल, एक पितळी पेला आणि पडद्यापलीकडे आहे असं धरून चाललेली बाई. दुसऱ्या कुणाला ते काहीच वाटलं नसतं. माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

चांगदेवचे हात लोंबत होते. विणणाऱ्याचे हात असे स्वस्थ लोंबताना मी कधी बघितले नव्हते.

मी म्हटलं, "साहब, ये चोर होता तो वापस चला जाता."

"क्या मतलब?"

मग मी सांगितलं. पहिल्यांदा कुणाकडे काही सापडलं तर मी आवाज देत नाही. फिरवतो आणि पाठीवर हात ठेवतो. तो आत जातो, माल जागेवर ठेवतो आणि येतो. ज्यानं कधी काही उचललंय किंवा उचलायचा विचार केलाय, त्या प्रत्येकाला हे माहीत आहे. "इसकी पीठ पर मैंने दो बार हाथ रखा. इसको लगा मैं शाबासी दे रहा हूँ. इतने साल मिल में है और इसको ये हाथ मालूम ही नहीं. क्योंकि कभी जरूरत नहीं पड़ी, साहब."

साहेबानं पेन खाली ठेवलं.

"मतलब तू चोरों को छोड़ता है."

"माल छोड़ा नहीं कभी. एक सूत भी बाहर नहीं गया."

"ये किसने सिखाया?"

"हम दोनों ने चलाया. मेरी घरवाली थी जनाना तरफ. वो अब नहीं है."

साहेब जमादाराकडे वळला. "तुमको मालूम था?"

जमादारानं जमिनीकडे बघितलं. "हुजूर, सबको मालूम है."

"सबको?"

"इसको छोड़के," जमादार चांगदेवकडे बोट दाखवून म्हणाला.

साहेबाच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असेल, राग असेल, मला कळलं नाही. चांगदेव मला म्हणाला, "काय म्हणतोय तो?" मी त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं.

साहेब बराच वेळ कापडाच्या घडीवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, चांगदेव पंधरा दिवस बिनपगारी घरी बसेल, नोकरी राहील. जमादाराला म्हणाला, तुझ्याशी नंतर बोलतो. माझ्याकडे बघून म्हणाला, "तेरी नीयत पर शक नहीं. लेकिन फाटक पर ऐसा आदमी नहीं चलेगा जो अपना कानून खुद बनाए. कल से चिंधी गोदाम."

मी म्हटलं, "जी."

बाहेर आल्यावर चांगदेवला मी सगळं कानात ओरडून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि माझा हात धरला. "तुझं फाटक गेलं?"

"गेलं."

"माझ्यामुळं."

"तू घरी जा. मंगला वाट बघत असेल."

तो गेला. दोन-तीन वेळा वळून बघितलं त्यानं. पाळकसाहेब माझ्याबरोबर थांबले. त्यांच्या कोटाला कापसाचे तंतू लागले होते. आत येताना साचेखात्यातून आले होते. त्या खडखडाटात पाच मिनिटं उभे राहिले होते, आणि अजून जरा मोठ्यानंच बोलत होते.

"नथूभाऊ, तुमच्या कामातलं काय आणाल, हे मी तुम्हाला विचारलं होतं. हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही प्रवचनात सांगितलं असतं."

त्यांनी कोटावरचा एक तंतू उचलला. मग म्हणाले, "हो. सांगितलं असतं."

"मग तेव्हाच बंद पडलं असतं ते."

"आता तर पडलंच."

"हो."

"मी पुढच्या रविवारी काय बोलू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, मला.

"मला नाही कळत, साहेब. चांगदेवच्या घरी पंधरा दिवस पगार नाही. ते आधी बघा."

"ते बघतो," ते म्हणाले. पुढं त्यांनी बघितलंही. दौलतरावांना घेऊन घरोघर गेले आणि चांगदेवच्या घरी पीठ, डाळ, तेल पोचवलं. त्या पिशव्या बाजारातूनच आणलेल्या होत्या.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी मी पाळी सुटायच्या आधी फाटकावर गेलो. स्टूल मिलचंच होतं. पेला माझा होता, तो घेतला. माझ्या जागेवर एक तरणा माणूस आणून उभा केला होता, तो जमादाराकडून नियम ऐकत होता. जमादार मला बघून दुसरीकडे बघायला लागला.

पडदा हलला आणि यशोधरा बाहेर आली. इतक्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. तिनं पदर खोचला आणि विचारलं, "काका, तुमची बदली झाली म्हणे."

"झाली."

"ते पाठीवर हात ठेवायचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आले त्याच आठवड्यात एका बाईकडे रुमालाएवढा तुकडा निघाला. मी आवाज दिला. तिची नोकरी गेली." तिनं खालचा ओठ चावला. "तुम्ही पलीकडेच होता. तुम्ही पण नाही सांगितलं."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. खरं म्हणजे मी पडद्यापलीकडे कोणी नवीन आहे हेच मानत नव्हतो. पण हे तिला काय सांगणार?

"तुमच्या बाई अजून काय करायच्या?"

मी विचार केला. इतक्या दिवसांत मला हे नीट कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, कशानं गेल्या, किती वय होतं.

"बोलायची," मी म्हटलं. "झडती घेताना बोलत राहायची. गप्प राहून हात लावला तर बाईला चोर असल्यासारखं वाटतं म्हणायची. नाव घ्यायची. घरचं विचारायची."

"नावं इतकी सगळी?"

"येतात हळूहळू."

"आणि कोणाकडे निघालं तर? आता हात ठेवला तर जमादार माझीच नोकरी खाईल. साहेबानं सक्त सांगितलंय."

"आता ते नाही चालायचं."

"मग?"

"मला नाही माहीत, बाई. गिरिजालाही कुणी सांगितलं नव्हतं. तू इथं उभी राहशील, तुला काहीतरी सुचेल."

तेवढ्यात भोंगा झाला. आतून माणसांचे पाय ऐकू यायला लागले. ती पडद्याआड गेली. मी पेला हातात घेऊन उभा राहिलो. पडद्यापलीकडून तिचा आवाज आला, अडखळत, कुणाला तरी विचारत होती, "ताई, तुमचं नाव काय?"

कामगाराला झडती दिल्याशिवाय फाटकाबाहेर जाता येत नाही, आणि मी आता कामगार होतो. रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. रांग हळूहळू सरकत होती. माझी पाळी आली तेव्हा त्या नव्या माणसाला काय करावं कळेना. तो जमादाराकडे बघायला लागला.

"ले ले," मी त्याला म्हटलं, आणि हात वर केले.